गिअरच्या केबलची जपमाळ

माणसाचं स्वतःचं वजन कमी होईनासं झालं की तो सायकलचं वजन कमी करायला घेतो. आमच्या कोनेल्यानो गावातले पन्नाशी ओलांडलेले निम्मे पुरुष दर रविवारी सकाळी घट्ट चड्ड्या घालून हेच करत असतात. कुणी चाकं बदलतो, कुणी सीट बदलतो. आमच्या दंतवैद्यांनी तर पाण्याची बाटली अडकवायच्या कडीचे स्क्रूसुद्धा हलके आणवले. मग सगळे बारमध्ये बसतात आणि क्रीम भरलेले दोन-दोन पाव हाणतात. मी या लोकांना मनापासून हसत असे. मी शाळेत भूगोल शिकवतो. चढ म्हणजे काय हे मला कळतं, आणि चढाला स्क्रूमधलं काही कळत नाही हेही कळतं.

पण वेळ आली की माणूस कुठल्या कुठे पोचतो. माझी वेळ आणली ती आमच्या क्लबच्या एका नियमाने.

आमचा सायकल क्लब जुना आहे आणि जुन्या संस्थांत असतात तसे त्यात शहाणपणाचे नियम कमी आणि पाळले जाणारे नियम जास्त आहेत. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हंगाम संपला म्हणून सगळ्यांनी डोंगरावरच्या मादोन्ना देल्ला नेव्हेच्या छोट्या चर्चपर्यंत चढून जायचं. पहिला येईल त्याला डुकराची एक अख्खी मांडी मिळते. कुणाला मिळाली हे ती संपेपर्यंतही कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो शेवटचा. लागोपाठ तीनदा शेवटचा आला, की त्याच्या हातात क्लबच्या व्हॅनची किल्ली देतात. त्या व्हॅनमध्ये जॅकेटं, वाइनच्या बाटल्या आणि मक्याच्या पिठाचा पोलेंता शिजवायचं तांब्याचं भलंमोठं पातेलं असतं. किल्ली मिळालेल्याने त्यानंतर सगळ्यांच्या मागून ती व्हॅन चालवायची, आणि दुसरा कुणी लागोपाठ तीनदा शेवटचा येईपर्यंत चालवतच राहायची. ओलिंदो बिचारा सहा वर्षं चालवतोय. चांगला गवंडी आहे, हात लोखंडाचे आहेत, पण हल्ली लोक त्याला ‘ओलिंदो, कशी चालली आहे सायकल?’ असं विचारत नाहीत. ‘ओलिंदो, मीठ आणलंस ना?’ असं विचारतात.

मी लागोपाठ दोनदा शेवटचा आलो होतो. आता तुमच्या लक्षात आलं असेल.

क्लबमध्ये मला हरवता येईल असा फक्त एक माणूस होता, माझा मित्र गास्तोने. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, रेल्वेतून निवृत्त झालेला, जन्माचा कम्युनिस्ट, आणि सायकल अशी की तिच्या तारांवरचा गंज बोटाला लागावा. तरी गेली दोन वर्षं तो माझ्यापुढे थोडासा, अगदी अपमान होईल एवढाच, राहत आला होता. त्याचे पाय मला बदलता येत नव्हते. माझे पाय बदलायचे दिवस गेले होते. राहिली सायकल.

एका मासिकात मी वाचलं की ब्रेकच्या आणि गिअरच्या तारांवर जी काळी नळी असते ती फार जड असते. ती काढून तिच्या जागी ॲल्युमिनियमचे छोटे छोटे मणी ओवायचे. मणी एकमेकांत बसतात, आतून तार सरकते, वजन घटतं आणि गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडतो. शेजारी फोटो होता. त्या मण्यांची केबल हँडलवरून अशी वळली होती की मी भूगोलाचे पेपर तपासायचे सोडून बराच वेळ बघत राहिलो. मनातल्या मनात म्हणालो, फेरुच्चो, हे वजनासाठी आहे हं, सौंदर्यासाठी नाही. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा फार समजुतीच्या सुरात बोलतो.

किंमत मी बायकोला अर्धी सांगितली. लोरेदानाने ती मनात दुप्पट केली आणि बरोबर आकड्यावर आली. लग्नाला तीस वर्षं झाली की बायकांना एवढं गणित येतंच. मग तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, त्यावर आधी जुन्या नळ्या ठेवून पाहिल्या, मग नव्या मण्यांचा डबा ठेवला, फरक पाहिला, आणि फ्रीजमधल्या चीजचा एक तुकडा कापून बरोबर तेवढ्याच वजनाचा करून माझ्यासमोर ठेवला.

“हा,” ती म्हणाली. “हा नाही खाल्लास की झालं. फुकट.”

“प्रश्न फक्त वजनाचा नाही.”

“मग कशाचा आहे?”

मी चीज खाल्लं.

मण्यांबरोबर आलेल्या कागदावर सहा भाषांत लिहिलं होतं की जोडणी अगदी सोपी आहे. एवढ्या भाषांचं एकमत मी दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर पाहिलेलं नाही. काम तळघरात करावं म्हणून मी डबा घेऊन चौथ्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत उभा राहिलो. लिफ्टचं दार उघडलं, आतून फावारो बाहेर यायला निघाले, मी आदराने मागे सरलो आणि डब्याचं झाकण निघालं.

इथे फावारोंची ओळख करून द्यायला हवी. आमच्या इमारतीच्या सोसायटीचे व्यवस्थापक फावारो, आणि आमच्या सायकल क्लबचे अध्यक्षही फावारोच. नियमांवर या माणसाचं जे प्रेम आहे ते इतर लोक नातवंडांवर करतात. त्या दिवशी ते हातात कागदात गुंडाळलेली मासळी घेऊन उभे होते. मणी सगळ्या मजल्यावर उधळले, त्यातले बरेचसे लिफ्टच्या दाराच्या खाचेत गेले. फावारो वाकून त्यातला एक उचलायला गेले, तेवढ्यात दार मिटलं, लिफ्ट हातभर खाली गेली आणि कचकन थांबली.

“फेरुच्चो!” आतून आवाज आला. “हे काय आहे?”

“गिअरची केबल आहे, फावारो. हलकी.”

“माझ्याकडे मासे आहेत!”

मग इमारतीतले सगळे जिन्यात जमले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की लिफ्टची तार तुटते तेव्हाही आधी असाच आवाज येतो. त्यांच्या यजमानांनी दारावर लाथ मारून बघा म्हटलं. कुणीतरी झाडूच्या काडीने मणी उकरायला सुरुवात केली आणि त्यातले काही थेट लिफ्टच्या खड्ड्यात ढकलले. मी एक-एक पडणारा मणी ऐकत होतो. लिफ्टवाले येईपर्यंत फावारो फटीतून बोलत राहिले, आणि बोलताना ते कोणकोणत्या कलमांचा भंग झाला हे अनुक्रमाने सांगत होते. बाहेर आले तेव्हा माशांचा वास त्यांच्या आधी आला.

चारच दिवसांत सोसायटीची विशेष सभा भरली. विषय होता ‘सामायिक जागेत सायकलचे सुटे भाग’. पण आमच्याकडे कुठलीही सभा पहिल्या पाच मिनिटांतच मूळ विषय सोडते, आणि ही सभा लवकरच ‘हलक्या केबल घेणं परवडतं का’ या विषयावर आली. तळमजल्यावरच्या न्हाव्याचं म्हणणं, शर्यतीतल्या प्रो लोकांना फुकट मिळतं म्हणून ते लावतात. दुसऱ्याचं म्हणणं, मण्यांमध्ये घाण शिरते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की त्यांचे मेहुणे असंच काहीतरी लावायला गेले आणि त्यानंतर त्यांना मधुमेह झाला. शेवटी फावारोंनी मत घेतलं. सगळे विरुद्ध. तटस्थ एकच, माझी बायको.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा लावून स्वयंपाकघराच्या टेबलावर बसलो आणि उरलेले मणी एकेक करून ओवायला लागलो. एक मणी घ्यायचा, त्याचं भोक शोधायचं, तार त्यात घालायची, मणी सुटायचा, टेबलाखाली जायचा, मीही टेबलाखाली जायचं. असं चाललं असताना माझ्या सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

सासूबाई नोएमी व्हेनिसच्या. कास्तेल्लो भागातल्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात, पण मनाने त्या अजून पाण्याच्या पलीकडेच आहेत आणि इकडच्या जमिनीवरच्या लोकांकडे त्या जरा सहनशील नजरेने बघतात. व्हेनिसमध्ये सायकल नाही, चालवायला जागाच नाही. त्यामुळे सायकल हे त्यांच्या लेखी जमिनीवरच्या लोकांचं एक व्यसन आहे, जुगारापेक्षा जरा बरं. वय चौऱ्याऐंशी. लोरेदाना त्यांना हल्ली सुरीला हात लावू देत नाही, गॅसला हात लावू देत नाही. त्यांचे हात थरथरतात असं सगळ्यांचं मत आहे. त्यांचं स्वतःचं मत कुणी विचारलेलं नाही.

“काय करतोस?” त्यांनी विचारलं.

“मणी ओवतोय, आई.”

“असे?”

“मग कसे?”

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “तुम्ही मणी ओवत नाही आहात. तुम्ही एकेका मण्याची माफी मागताय. सरका.”

त्या आत गेल्या आणि त्यांच्या पेटीतून एक लाकडी उथळ परात घेऊन आल्या. सगळे मणी तिच्यात ओतले. मग माझ्या हातातली तार काढून घेतली, तिच्यासारख्याच आणखी तीन तारा उचलल्या, चारही बोटांच्या बेचक्यांत पंख्यासारख्या धरल्या आणि मण्यांच्या ढिगातून हात फिरवला. नुसता फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. हात वर आला तेव्हा चारही तारांवर मणी चढलेले होते, एका रांगेत, तोंडं एका दिशेला. पुन्हा हात गेला, पुन्हा वर आला. सुर्र असा आवाज येत होता. मी उघड्या तोंडाने बघत राहिलो.

“आई, हे कुठे शिकलात?”

“शिकायला काय शाळा होती? आमच्या गल्लीत सगळ्या बायका दारात बसून काचेचे मणी ओवायच्या. मी आईच्या मांडीशी बसून ओवलेत. मुकादम यायचा तेव्हा आम्ही गाणं म्हणायचो.”

“मुकादमाच्या स्वागताचं?”

“मुकादमाच्या आईचं.”

लोरेदाना दारात आली होती. आईचे हात थरथरतात असं सगळ्यांना सांगणारी माझी बायको त्या हातांकडे बघत उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या म्हातारीचा इतका अभिमान वाटला की तिच्या पायाशी बसावंसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी बसलोही होतो, कारण एक मणी खुर्चीखाली गेला होता.

दोन्ही ब्रेकच्या आणि पुढच्या गिअरची अशा तीन केबल संध्याकाळ व्हायच्या आत झाल्या. त्या सायकलवर चढवल्या आणि मी जिन्यात जाऊन आल्या-गेल्याला दाखवत सुटलो. राहिली मागच्या गिअरची केबल. आणि परातीत बघतो तो मणी पुरेनात. उरलेले लिफ्टच्या खड्ड्यात होते, आणि खड्डा उघडायचा तर सभेचा ठराव लागत होता. दुकानदार म्हणाला, सुटे मणी मिळत नाहीत, अख्खा संच घ्यावा लागेल. मी घरी येऊन डोकं धरून बसलो. रविवार तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर केबल तयार. टेबलावर सोडून ठेवलेली, चमकणारी, पूर्ण लांबीची. मी आनंदाने उचलली, आणि बघतो तर ॲल्युमिनियमच्या दहा मण्यांनंतर एक निळा काचेचा मणी. पुन्हा दहा, पुन्हा निळा. पुन्हा दहा.

“आई!”

“तुझे कमी पडले. माझ्याकडे होते, मोठ्या भोकाचे.”

“पण असे का? दहा-दहाने?”

सासूबाई थोड्या गोंधळल्या. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“संध्याकाळी रेडिओवर चर्चमधली जपमाळेची प्रार्थना लागते ना,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा ओवत होते. दहा लहान मणी झाले की हात आपोआप मोठ्या मण्याकडे जातो. त्याला मी काय करू?”

थोडक्यात, माझ्या मागच्या गिअरवर आता जपमाळ बसणार होती. मी ती काट्यावर ठेवली. काचेचे आणि ॲल्युमिनियमचे मणी वजनाला सारखेच भरले. सोडवून पुन्हा ओवायला मणी नव्हते, वेळ नव्हता, आणि त्या निळ्या मण्यांकडे बघून मला ते सोडवावेसेही वाटेनात. ब्रेकला काच असती तर गोष्ट वेगळी. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. गिअरला चालेल, असं मी ठरवलं.

शनिवारी बारपुढे सायकल उभी केली तेव्हा सगळा क्लब तिच्याभोवती जमला. कुणी हसलं, कुणी छातीवर क्रॉसची खूण केली. दंतवैद्य गुडघ्यावर बसून निरखून बघत राहिले आणि उठून आपली सायकल दुसऱ्या भिंतीला लावून आले, यावरून त्यांना किती वाईट वाटत होतं ते कळलं. गास्तोनेने मात्र ग्लास टेबलावर आपटला.

“मी हरकत घेतो. हे उत्तेजक द्रव्य आहे.”

“केबल आहे ती, गास्तोने.”

“वरून मदत येते तिच्यातून. मी पाच दशकं देव नाही म्हणून सांगतोय आणि हा शहाणा त्याला गिअरला जोडून आलाय!”

फावारोंनी विचार करून निर्णय दिला की नियमांत दैवी मदतीबद्दल काही म्हटलेलं नाही.

रविवारी सकाळी सासूबाई काळा कोट घालून तयार. मी येणार म्हणाल्या. आपल्या हातचं काम गळ्यात पडल्यावर कसं दिसतं हे ओवणारणीने एकदा तरी बघायचं असतं. ओलिंदोने त्यांना व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्ही निघालो.

चढ सुरू झाला तसे सगळे हळूहळू पुढे गेले. मागे राहिलो आम्ही दोघं, मी आणि गास्तोने. पण यंदा मी त्याच्या मागे नव्हतो. गिअर खरोखरच लोण्यातून सुरी जावी तसे पडत होते. केबलमुळे पडत होते, की आपली केबल इतकी सुंदर आहे या विचाराने माझे पाय जास्त चालत होते, हे मला सांगता येणार नाही. द्राक्षांचे मळे संपले, चेस्टनटची झाडं लागली, आणि शेवटच्या तीव्र चढावर मी गास्तोनेपेक्षा चाकभर पुढे होतो. पातेलं चढवायला ओलिंदो व्हॅन घेऊन अर्ध्या वाटेतच पुढे गेला होता, आणि वरून पोलेंताचा वास यायला लागला होता. मी सगळ्यात सोपा गिअर टाकला.

तड.

आवाज बारीक होता. एक निळी चकाकी रस्त्यावर पडली. केबल सैल झाली आणि साखळी धडधडत अवघड गिअरवर उतरली. काय झालं हे कळायच्या आत माझ्या पायांना कळलं. चढ तोच होता, मी तोच होतो, फक्त आता मी तो चढ ढकलत होतो.

“काय फुटलं?” गास्तोने शेजारून म्हणाला.

“काही नाही. जा तू.”

“थांबू?”

“थांबलास तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं.”

“ते मला माहीत आहे,” म्हणाला, आणि गेला. उभा राहून, तोंड वासून, त्या गंजलेल्या सायकलवरून गेला. खरं सांगतो, त्या क्षणी रागाऐवजी मला त्याचं कौतुकच वाटलं. असा मित्र मागे बघत नाही म्हणूनच मित्र असतो.

मी उतरलो नाही. तेवढं मात्र लिहून ठेवतो. वळणावळणाने सायकल झुलवत, घामाने आंधळा होऊन वर पोचलो तेव्हा चर्चसमोर चुलीवर पातेलं चढलेलं होतं. फावारो किल्ली घेऊन उभे होते, लाल फितीत बांधलेली. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं, पण नियम दुःखापेक्षा मोठा.

सासूबाई माझ्याकडे आल्या नाहीत, सायकलकडे गेल्या. केबलवरून बोटं फिरवत नेली आणि एका जागी थांबल्या.

“एक गेला.”

“दगड उडाला असेल, आई.”

“मला शिकवतोस? तो मीच जास्त दाबून बसवला होता.” त्या वळल्या. “ओ फावारो. ती किल्ली इकडे.”

“सिन्योरा?”

“आमच्या गल्लीत माळ तुटली तर ओवणारणीला बोल लागायचा. जिने गळ्यात घातली तिला कुणी काही विचारत नसे. हा तुमचा माणूस धड चढत होता. माळ माझी होती. शेवटची मी आले. द्या किल्ली.”

“तुमच्याकडे गाडी चालवायचा परवाना आहे?”

“माझ्याकडे नाव चालवायचाही नव्हता. बुडाले का मी?”

सगळे हसले, पण फावारो हसले नाहीत. ते विचारात पडले. सामानातला दोष, चढणाऱ्याचा नसलेला दोष, अशी पोटकलमं त्यांच्या डोळ्यांत फिरताना दिसत होती. गास्तोनेने पोलेंताची थाळी खाली ठेवली.

“आवाज मी ऐकला,” तो म्हणाला. “मी साक्ष देतो. तोपर्यंत हा—”

एक शब्द, आणि मी सुटलो असतो. हे वर्ष धरलंच नसतं, पुढच्या वर्षी सायकलवर असतो. मी सासूबाईंकडे बघितलं. एवढ्या सगळ्या जमिनीवरच्या लोकांमध्ये ती छोटीशी बाई हात पुढे करून उभी होती. मण्यांनी त्या हाताच्या बोटांची टोकं सोलली होती. घरी गेल्यावर लोरेदाना म्हणणार, आई, बघ, म्हणून सांगत होते, आता हात नाही चालत तुझा. आणि त्या ते मान्य करणार. पुन्हा कधी ती परात निघणार नाही.

“फावारो,” मी म्हणालो, “मणी नंतर फुटला. त्याच्या आधीच मी मागे पडलो होतो. गास्तोने केव्हाच पुढे गेला होता. माळ उत्तम होती. पाय माझे गेले.”

गास्तोने माझ्याकडे बघत राहिला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. जन्मभर खरं बोलून भांडणं ओढवून घेतलेला तो माणूस वाकला, त्याने थाळी उचलली आणि घास तोंडात घातला.

“केव्हाच,” भरल्या तोंडाने म्हणाला.

मी किल्ली घेतली. ओलिंदोने माझा हात असा दाबला की बोटं मोडतील असं वाटलं. सहा वर्षांनी तो मोकळा झाला होता. पण त्याची सायकल घरी तळघरात होती, आणि माझी तिथे उभी होती.

“नेऊ का रे खाली?” त्याने विचारलं. लहान मुलानेही इतक्या हळू विचारलं नसतं.

“ने.”

जेवण झाल्यावर उतरायला लागलो. सगळे पुढे, सगळ्यांच्या मागे ओलिंदो, त्याच्यामागे मी व्हॅनमध्ये, शेजारी सासूबाई, मागे पातेलं खणखणतंय. पहिल्याच वळणावर सासूबाई पुढच्या काचेला चिकटल्या.

“जरा जवळ घे. दिसत नाही नीट.”

मी जवळ घेतलं. ऊन समोरून येत होतं. ओलिंदो वळणावर आडवा व्हायचा तशी ती केबल हँडलखाली उजळायची, पांढरी, पांढरी, पांढरी, मग निळी. ब्रेक लागायचे ते इतके हलके की जणू त्याने नुसतं मनात आणलं. मी सायकलवर होतो तेव्हा हे मला एकदाही दिसलं नव्हतं. सायकल चालवणाऱ्याला स्वतःची सायकल कधी दिसतच नाही. मी आयुष्यात पैसे देऊन आणलेल्या वस्तूंत इतकी सुंदर वस्तू दुसरी नाही, आणि ती अशी सुंदर दिसायला मला या सीटवर बसावं लागलं होतं.

“लोरेदाना म्हणते पैसे पाण्यात गेले,” सासूबाई समोर बघत म्हणाल्या. “गेले का रे?”

“नाही, आई.”

पुढच्या वळणाला मी गिअर टाकला आणि व्हॅन मरणाची कर्कश ओरडली. सासूबाईंनी मान वाकवून गिअरच्या दांडीखाली बघितलं, बराच वेळ बघितलं.

“हिची तार कुणी ओवलीय?” त्या म्हणाल्या. “काढून आण उद्या घरी.”